एक सुई, एक फास : क्रोशाची गोष्ट आणि एका रुमालाची किंमत



मागच्या नाताळ विक्रीनंतर नागपूरच्या एका भगिनींचा मला फोन आला. त्यांनी आपल्या पोडांवरच्या बायांनी विणलेले क्रोशाचे चार रुमाल घेतले होते. रुमालांचे कौतुक करून त्यांनी विचारले, "ताई, हे मशीनवर करता की हाताने?" मी म्हटले, "हाताने." क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "मग ६० रुपयांत परवडते कसे हो?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. काहीतरी बोलून मी फोन ठेवला, पण तो प्रश्न काही मनातून गेला नाही. क्रोशे ही कला कुठून आली, ती गरीब बाईच्या हातात कशी पडली आणि इतक्या वर्षांनंतरही का टिकली, हे शोधत मी बरेच वाचले. तेच आज आपल्यापुढे मांडते. रुमालाच्या किमतीकडे शेवटी येईन.

आधी ही वीण कशी असते ते सांगते, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे. दोन सुयांवर स्वेटर विणताना एका सुईवर शंभर-दीडशे टाके एकाच वेळी ओळीने बसलेले असतात. सुई निसटली की सगळे ओघळतात. क्रोशात सुई एकच, टोकाला आकडा असलेली. आणि त्या सुईवर काम थांबवताना फास असतो एकच. आकड्याने दोरा ओढून त्या फासातून बाहेर काढायचा, की झाली एक साखळी. साखळीतून मुका खांब, त्यावर खांब, दुहेरी खांब, मधे सोडलेली घरे. कितीही मोठा टेबलक्लॉथ असो, तो एका वेळी एकाच फासावर चालतो. मागचे सारे बांधले गेलेले असते.

याच कारणाने कारखान्यात चालणारे क्रोशाचे खरे यंत्र आजवर झालेले नाही. दोन सुयांच्या विणकामासाठी इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ सालीच मोजे विणण्याची चौकट तयार केली होती. स्वेटर, बनियन, मोजे सारे यंत्रावर होते. क्रोशाचा टाका मात्र कुठूनही घेता येतो: मागच्या ओळीच्या फासातून, घरातून, खांबाच्या मागून. सुई दर वेळी कुठे जाईल हे हात आणि डोळा ठरवतात. बाजारात क्रोशासारख्या दिसणाऱ्या यंत्रावरच्या लेसी मिळतात, पण त्यांचा टाका वेगळा. खऱ्या क्रोशाची वस्तू दुकानात दिसली, मग ती परदेशी कंपनीची का असेना, ती कुठल्या तरी माणसाने हातानेच केलेली असते. नागपूरच्या भगिनींना मी हे त्याच दिवशी सांगायला हवे होते.

मला वाटायचे, ही कला फार जुनी असेल, बायबलच्या काळातली वगैरे. तसे नाही. त्या काळी सुईकाम होतेच. प्रेषितांच्या कृत्यांच्या ९व्या अध्यायातली यापोची टबीथा विधवांसाठी कपडे करायची. पण क्रोशे तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. छापलेला क्रोशाचा सर्वांत जुना ज्ञात नमुना हॉलंडच्या 'पेनेलोपे' नावाच्या मासिकात १८२३ साली आला, म्हणजे फक्त दोनशे वर्षांपूर्वी. नाव फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ लहान आकडा.

त्याआधीची पायरी मात्र आपल्या देशाकडे बोट दाखवते. ताणलेल्या कापडावर आकड्याच्या सुईने साखळी टाका घालायचा, त्याला आपल्याकडे आरीकाम म्हणतात. कच्छचे मोची हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले, आणि आज यवतमाळात लग्नाच्या ब्लाउजवर 'आरी वर्क' करून देणारी दुकाने आहेत तीच ही सुई. अशा तऱ्हेचे भरतकाम अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेले. पुढे कुणीतरी खालचे कापड काढून टाकले आणि साखळी नुसती हवेतच विणली, त्यातून क्रोशे निघाले, असे काही अभ्यासक मानतात. फ्रान्समध्ये त्याला 'हवेतला क्रोशे' म्हणतही असत. मला हे पटते. आरी आणि क्रोशाची सुई शेजारी ठेवून पाहा, बहिणीच वाटतात.

यानंतरची गोष्ट आयर्लंडची, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

१८४५ साली आयर्लंडच्या बटाट्यावर रोग पडला. गरीब कुटुंबे जवळजवळ बटाट्यावरच जगत होती. पुढची पाच-सात वर्षे दुष्काळाची गेली, दहा लाखांच्या आसपास माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्या दिवसांत कॉर्क शहराजवळच्या ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मुलींना क्रोशे शिकवले. मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स या गावी तिथल्या पाळकाच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी १८४७ साली तेच केले. एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट. पोट दोन्हीकडे सारखेच रिकामे होते.

तेव्हा श्रीमंतांच्या अंगावर व्हेनिसची लेस असे. ती बारीक सुईने करायला महिनेच्या महिने लागत. रिएगो द ला ब्रांशार्दिएर नावाच्या बाईंनी तसा देखावा क्रोशाच्या सुईने कसा आणायचा ते बसवले आणि नमुन्यांची पुस्तकांमागून पुस्तके काढली. आयरिश बाया घरी बसून गुलाब, द्राक्षे, तीन पानांचा शॅमरॉक असे सुटे तुकडे विणत, आणि मग ते जाळीने जोडले जात. घरातला पुरुष खडी फोडण्याच्या सरकारी कामावर गेलेला असे, कधी तोही नसे. अशा घरात पैसा आला तो या सुईवर. कित्येकांनी अमेरिकेच्या बोटीचे भाडे या पैशातून भरले. व्हिक्टोरिया राणीने आयरिश क्रोशे पसंत केले, स्वतःही शिकली, आणि मग ती फॅशनच झाली.

पण फॅशन फिरली. स्वित्झर्लंड आणि जर्मनीतल्या यंत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्या लेसीची नक्कल करायला सुरुवात केली. टाका वेगळा असला तरी लांबून तशीच दिसणारी, आणि कितीतरी स्वस्त. पहिल्या महायुद्धानंतर आयर्लंडचा तो धंदा जवळजवळ मोडला. सुईने दुष्काळात जीव वाचवले हे खरे. सुईचा भाव मात्र विणणारीच्या हातात कधीच नव्हता.

आता आपल्या नकाशावर येऊ. आपली पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते. गोदावरीच्या वसिष्ठा फाट्यावर, समुद्राच्या अलीकडे, आंध्रातले नरसापूर आहे. म्हणजे आपल्या झरी आणि पांढरकवड्याच्या शिवारातून वाहून गेलेले पाणी ज्या गावावरून समुद्राला मिळते, ते गाव भारतातल्या क्रोशाचे सर्वांत मोठे केंद्र. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या मिशनरी बायांनी गरीब, ख्रिस्ती झालेल्या दलित घरांतल्या मुलींना ही वीण शिकवली. सुरुवातीला मिशनरी बाया रुमाल मायदेशी पाठवून मित्रमंडळींना विकत आणि पैसे परत बायांना देत. पुढे व्यापारी आले, निर्यात वाढली, आणि काम घराबाहेर न पडणाऱ्या इतर जातींच्या बायांपर्यंतही पोचले. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

हे ऐकून आपल्याला अभिमान वाटेल. मलाही वाटला. मग मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंच्या 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' या १९८२ च्या पुस्तकाविषयी वाचले आणि अभिमान जरा खाली बसला. लाखाहून जास्त बाया तिथे हे काम करत होत्या. एजंट दोरा देई, तयार तुकडे घेऊन जाई. एक बाई फुले विणे, दुसरी जोडी, आणि पूर्ण झालेला टेबलक्लॉथ कितीला विकला जातो हे दोघींनाही ठाऊक नसे. दिवसाचे सहा-आठ तास काम करूनही हाती येणारी मजुरी शेतमजुरीपेक्षा किती तरी कमी. इतकी कमी का? कारण व्यापारी म्हणत, आणि बायांचे नवरेही म्हणत, की ह्या काही कामगार नाहीत, घरच्या बाया आहेत, रिकाम्या वेळात विणतात. 'रिकामा वेळ' म्हटले की मजुरी द्यायची गरज उरत नाही.

हा शब्द मी आमच्या अहवालात स्वतः लिहिला आहे. "महिला आपल्या फावल्या वेळात सुंदर हस्तकला करतात." आपल्यापैकी काहींनी ते वाक्य वाचलेही असेल.

आपल्या भागात क्रोशे आले तेही मिशनांच्या आवारातूनच. माझी आजी मुलींच्या बोर्डिंगमध्ये शिकली. सकाळी शाळा, दुपारी सुईकाम. मुलीचे हात कामात असले की मन भलतीकडे जात नाही, अशी त्या काळच्या मडमांची समजूत. पण आजीला त्यातून मिळाला तो स्वतःचा असा एक तास. प्रभुभोजनाच्या टेबलावरचा रुमाल, बाप्तिस्म्याच्या बाळाचे टोपडे, पेटीवरचे कापड, दाराचे तोरण, पुढे रेडिओवरचा आणि मग टीव्हीवरचा रुमाल. शेजारच्या हिंदू बाया तिच्याकडून नमुने उतरवून न्यायच्या. छापलेले पुस्तक कुणाकडे नव्हते. विणलेला तुकडाच पुस्तक. तो उलटसुलट करून, खांब मोजून नमुना उतरायचा. क्रोशे टिकले त्याचे हे एक मोठे कारण आहे असे मला वाटते. ते अक्षर न येणारीलाही वाचता येते.

दोऱ्याची गंमत वेगळीच. आजी 'अँकर'चाच दोरा मागायची. तो नांगर स्कॉटलंडमधल्या पेझली गावच्या क्लार्क कंपनीचा. कापूस आमच्या काळ्या मातीतला. शकुंतला रेल्वे यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत कापसाच्या गाठी वाहून न्यायची, तिथून त्या मुंबईला आणि विलायतेला जायच्या. तिकडे त्याचे सूत होई, आणि सुताचा चकचकीत गुंडा परत इकडच्या दुकानात. कोणत्या गुंड्यात कुणाचा कापूस होता ते कोण सांगणार? पण कापूस पिकवणाऱ्याने सूत विकत घ्यावे ही रीत आमच्याकडे अजून चालूच आहे.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी मुलींना घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्तीमध्ये या मुलींना सुईकाम शिकवले, पण त्याबरोबर छापखाना होता, हातमाग होते, तेलाचा घाणा होता, शेती होती. बायबलचे मराठी भाषांतर छापायला खिळे जुळवणाऱ्या त्याच मुली. रमाबाईंनी मुलीच्या हातात एकटी सुई देऊन तिला मोकळे सोडले नाही. आम्ही पोडावर क्रोशाचा वर्ग काढला तेव्हा हे लक्षात ठेवायला हवे होते.

वर्ग सुरू झाला तो शिवणयंत्रांच्या जागी. आधी आम्ही शिवणकाम शिकवत होतो. यंत्र एक, बाया चौदा, वीज कधी आहे कधी नाही. कापड चुकीचे कापले गेले की वाया. कापडाचे पैसे कुणाचे, यावर रुसवेफुगवे. एक दिवस वाट पाहणाऱ्या बायांना वेळ जावा म्हणून मी पिशवीतली क्रोशाची सुई काढली. महिन्याभरात यंत्रापेक्षा सुईभोवती जास्त बाया बसू लागल्या. एका कोलाम आजीने मला कारण सांगितले. तिने अर्धा रुमाल विणला होता, चूक निघाली, तिने दोरा ओढला आणि सगळे भराभर उसवले. मला वाईट वाटले. ती हसून म्हणाली, "कायले वाईट वाटून घेतं वं? दोरा तं तेवढाच हाये ना." जिच्या घरी काहीच वाया घालवायची सोय नाही तिला हे पहिल्याच दिवशी कळले.

दुसरे कारण ऋतूंचे. फेब्रुवारी-मार्च लागला की मोहफुले वेचायला पहाटे जायचे. मे महिन्यात तेंदूपत्ता. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी सुरू होते ती पुढे महिनोन्‌महिने चालते. तेव्हा वर्गात कुणी येत नाही आणि यावे असा आमचा आग्रहही नाही. क्रोशे मात्र थांबून राहते. सुई काढायची, फास जरा लांब ओढून ठेवायचा, गुंड्यासकट पिशवीत. दोन महिन्यांनी तिथूनच पुढे. सुई हरवली तरी वीण सुटत नाही, दुसरी सुई घालायची.

तिसरे कारण मला फार उशिरा कळले. कोलाम घरांत टोपल्या, सुपे, तट्टे विणायचे बांबूकाम आहे. गोलाची मोजणी त्या हातांना आधीच येते. खांबाच्या विणीत सपाट गोल रुमाल हवा असेल तर पहिल्या फेरीत १२ खांब घ्यायचे आणि पुढच्या प्रत्येक फेरीत १२ वाढवायचे. कमी वाढवले तर कडा वर उचलतात आणि टोपी होते. जास्त वाढवले तर कडेला झालर पडते, रुमाल टेबलावर बसतच नाही. शहरातल्या मुलींना हे मी पाटीवर लिहून शिकवले आहे. इथल्या बाया कड हातात धरून सांगतात, "हे उचलून राह्यलं, दोन वाढव."

जाता जाता एक सांगते. त्या चुकीच्या झालरीचाही उपयोग निघाला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिना या मूळच्या लॅटव्हियाच्या गणिती बाईंनी १९९७ साली क्रोशाने एक भूमितीची आकृती विणली. जिथे एका बिंदूतून दिलेल्या रेषेला अनेक समांतर रेषा काढता येतात असा तो वाकडातिकडा पृष्ठभाग. कागदाचे नमुने लवकर फाटत. त्यांनी प्रत्येक ओळीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेले, झालर वाढत गेली, आणि विद्यार्थ्यांना तो पृष्ठभाग हातात धरता आला. आमच्या वर्गात आता रुमालाला झालर पडली की मी म्हणते, हे कॉलेजात पाठवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काही हितचिंतकांनी सुचवले की रुमालांवर 'आदिवासी पारंपरिक कला' अशी चिठ्ठी लावा, खप वाढेल. मी नाही म्हटले. क्रोशे ही कोलामांची किंवा गोंडांची परंपरा नाही, ती बाहेरून शिकलेली वीण आहे. त्यांची स्वतःची कला बांबूत आहे, आणि तिला गिऱ्हाईक मिळवून देणे हे वेगळे काम आहे, जे आम्ही अजून नीट केलेले नाही. चिठ्ठीवर खोटे लिहून खऱ्या हातांना मदत होईल असे मला वाटत नाही.

आता किंमत. त्या फोननंतर मी एक दिवस घड्याळ घेऊन बसले. आठ इंचाचा रुमाल, सराईत हात, मधे पाणी आणायला जाणे आणि पोराला भरवणे वगळून, सहा तास. ६० रुपयांपैकी १२ रुपये दोऱ्याचे. ८ रुपये धुणे, इस्त्री, वाहतूक. बाईच्या हाती ४०. तासाला सात रुपयेही नाहीत. ही किंमत कुणा व्यापाऱ्याने ठरवलेली नव्हती. मीच ठरवली होती, चार वर्षांपूर्वी, विक्रीच्या टेबलावर बसून, लोक ६० सहज देतात म्हणून. नरसापूरच्या एजंटावर मनातल्या मनात रागावण्याचा मला काय हक्क?

मी हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा बायांना धक्का बसला नाही. त्यांना माहीत होते. एक जण म्हणाली, "ताई, तुमी देता ते घेतो. नाई तं तेही नाई." आमच्या समितीत यावर दोन बैठका झाल्या. एक मत असे की किंमत वाढवली तर माल पडून राहील आणि बायांचे ४० रुपयेही जातील. हे मत चुकीचे नाही, आयर्लंडमध्ये तेच झाले. दुसरे मत असे की जी मजुरी आपण आपल्या बहिणीला देऊ धजणार नाही ती मंडळीच्या नावाने देऊ नये.

शेवटी ठरले ते असे. रुमालामागे बाईला २१० रुपये, म्हणजे निंदणाच्या मजुरीच्या जवळपास. दोरा आणि खर्च धरून रुमालाची किंमत २४०. प्रत्येक रुमालाला चिठ्ठी असेल, तिच्यावर किती तास लागले आणि विणणारीला किती मिळाले हे लिहिलेले असेल. लहान रुमाल कमी करायचे आणि मंडळ्यांकडून प्रभुभोजनाच्या टेबलक्लॉथच्या मागण्या आगाऊ घ्यायच्या. 'फावला वेळ' हा शब्द अहवालातून काढला आहे. या नाताळाला ७० रुमाल तयार असतील. पूर्वी आम्ही २०० आणत होतो.

गेल्या आठवड्यात नव्या दराने पहिले पैसे वाटले. कोलाम आजीने नोटा दोनदा मोजल्या, चुकून जास्त आल्या असे समजून त्यातल्या दोन परत माझ्यापुढे ठेवल्या. मी समजावून सांगितले. तिने नोटा कमरेच्या पिशवीत ठेवल्या, जरा वेळ विणले, आणि मग मान वर न करता विचारले, "पण ताई, दोनशे चाळीसले घेईन कोन?"

मी म्हटले, "आजी, नाताळात पाहू." नागपूरच्या भगिनींना मी फोन केला आहे. त्यांनी सहा सांगितले आहेत.